कापायला घेतलेली सुरी

उभी हयात विमा कंपनीत लोकांच्या अपघातांचे अर्ज तपासण्यात घालवल्यावर निवृत्त माणसाच्या अंगात काय संचारेल याचा नेम नसतो. कुणी बागेच्या मागे लागतो, कुणी शेजाऱ्यांच्या. या गृहस्थांनी सुऱ्या करायला घेतल्या. ऑफिसातले जुने मित्र त्यांना 'लोहारसाहेब' म्हणू लागले. ती चेष्टा आहे हे साहेब सोडून सगळ्यांना कळत होतं. साहेबांनी मात्र त्या नावाचा रबरी शिक्का करून घेतला आणि प्रत्येक सुरीच्या खोक्यावर तो मारायला सुरुवात केली.

घरातली मागची खोली सगळ्यांत उजेडाची. तिला मोठी खिडकी होती आणि त्या खिडकीपाशी पूर्वी साहेबांच्या बायकोचं शिलाई मशीन असायचं. बाई लोकांचे कपडे दुरुस्त करून देत. कुणाची पँट आखूड करायची, कुणाच्या कोटाचं अस्तर बदलायचं. साहेबांना सुऱ्यांचं वेड लागलं तेव्हा ते मशीन 'तात्पुरतं' जिन्याखालच्या बोळात गेलं. त्या तात्पुरत्याला आता तीन वर्षं होत आली होती.

काम मात्र साहेब मन लावून करत, हे नाकारता येणार नाही. भंगारातली मोटारीची पोलादी पट्टी आणायची, ती कापायची, ग्राइंडरवर घासून तिला पात्याचा आकार द्यायचा. मग अंगणातल्या भट्टीत ती अशी लाल करायची की लोहचुंबकसुद्धा तिला चिकटेनासा झाला पाहिजे. तशी झाली, की चर्रकन तेलात बुडवायची. एवढ्यानं पातं कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं, म्हणून ते पुन्हा मंद आचेवर शेकायचं. हे शेकणं स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये होई, त्यामुळे त्या घरच्या केकला गॅरेजचा वास यायचा. शेवटी शिसवीची मूठ, पितळी खिळे आणि पॉलिश. मग साहेब सुरी हातात धरून, हात लांब करून, डोळे बारीक करून तिच्याकडे पाहत बसत आणि तिचं नाव ठेवत. 'मूक अरण्य'. 'शेवटचा पारवा'. 'कातरवेळ'. नावाबरोबर एक छोटं कार्ड असे आणि त्यावर त्या सुरीचं मनोगत.

एका दुपारी बाई बोळात सुईत दोरा ओवत होत्या. डोक्यावर दिवा होता, तरी दोरा भोकाला चुकवून जात होता.

"अहो, एक विचारू?"

"विचार की."

"या तीन वर्षांत तुमच्या सुरीनं कुणाच्या घरी कांदा चिरला गेलाय?"

"अगं, किती सुऱ्या गेल्या माझ्या! दातांच्या डॉक्टरकडे आहे, त्या वकिलाकडे आहे..."

"डॉक्टरकडे ती भिंतीवर आहे. मी दाढ काढायला गेले तेव्हा समोरच लटकत होती. आधीच जीव मुठीत, त्यात डोळ्यांपुढे तुमचं मूक अरण्य."

"त्याला कदर आहे कलेची."

"मी कदरीचं नाही विचारत. कांद्याचं विचारतेय."

साहेबांनी हातातल्या पात्यावरून फडकं फिरवलं. "लोक कापतात. सांगत नाहीत एवढंच."

"असं? मग लावा पैज. या रविवारी मेळ्यात एका तरी माणसानं तुमची सुरी कापायला म्हणून नेली, तर मी या बोळाबद्दल पुन्हा अवाक्षर काढणार नाही. नाही नेली, तर खिडकी माझी."

"आणि माझा ग्राइंडर?"

"जिन्याखाली ठेवा की," बाई म्हणाल्या. "तात्पुरता."

साहेबांनी पैज घेतली. एक माणूस! एका माणसात काय अवघड होतं?

हस्तकलेचा मेळा दर महिन्याला एका रविवारी टाऊन हॉलसमोरच्या पटांगणात भरे. तिथे दगडांवर घुबडं रंगवणारे एक काका होते, वापरायचं धाडस होऊ नये इतके सुंदर साबण करणाऱ्या अध्यक्षबाई होत्या आणि साहेबांच्या शेजारच्या टेबलावर मेणबत्तीवाल्या मावशी. मेळ्याचे नियम अध्यक्षबाई करत. मागच्या खेपेला एका निवृत्त प्राध्यापकांनी 'धार जिवंत आहे का बघू' म्हणून 'कातरवेळ'वरून अंगठा फिरवला होता. धार जिवंत निघाली. तेव्हापासून नियम झाला, की टेबलावर ठेवलेल्या सुऱ्यांना धार नको, गिऱ्हाइकानं सुरी घेतल्यावर मागितली तर पटांगणाबाहेर जाऊन लावून द्यावी. साहेबांनी घरी बसून आपल्याच सुऱ्या दगडावर आडव्या घासून बोथट केल्या. त्यानंतरही सुऱ्या खपल्या आणि धार एकानंही मागितली नाही. यातून काय समजायचं ते साहेबांनी समजून घेतलं नाही.

त्या रविवारी मात्र त्यांनी पहिल्या गिऱ्हाइकालाच गाठलं. तरुण जोडपं होतं. मुलगी 'शेवटचा पारवा' हातात घेऊन म्हणाली, "किती शांत वाटतं ना हिच्याकडे बघून!"

"कापायला हवीय ना?" साहेबांनी विचारलं.

"काय कापायला?"

"काहीही. कांदा, बटाटा, टोमॅटो."

मुलीनं सुरी छातीशी धरली. "हिला टोमॅटो लावायचा?" तिच्या नवऱ्यानं साहेबांकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी तान्ह्या मुलाला विहिरीत सोडायची सूचना केली होती. सुरी त्यांनी घेतली. दिवाणखान्यात, फुलदाणीच्या वर लावणार होते.

नंतर एक जण आला, त्याला टेबलावरची पत्रं उघडायला हवी होती. पत्रं येतात का, असं साहेबांनी विचारलं, तर म्हणाला, "येत नाहीत, पण आली तर." मग एक बाई आल्या, त्यांना सासऱ्यांना भेट द्यायची होती. सासरे कापतात का? छे, त्यांचे हात थरथरतात. दुपारपर्यंत साहेबांच्या सुऱ्या कधी नव्हे इतक्या गेल्या आणि साहेबांचा चेहरा कधी नव्हे इतका पडला.

"काय हो, आज एवढा धंदा, आणि तोंड का असं?" मेणबत्तीवाल्या मावशींनी विचारलं.

"कुणी कापायलाच घेत नाही."

"माझ्या मेणबत्त्या कुणी पेटवतं का? मी कधी रडले?"

एवढ्यात ती आली. एका खांद्यावर भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात दोन डबे, आणि ज्या बाईला घरी जाऊन लगेच स्वयंपाक करायचा असतो तिच्या चेहऱ्यावर असते तशी घाई. तिनं कार्डं वाचली नाहीत. सरळ विचारलं, "यातली कापणारी कुठली?"

साहेबांना कानावर विश्वास ठेवावा की नाही कळेना. "सगळ्या! म्हणजे, तुम्हाला... भाजी कापायला?"

"मग काय दाढी करायला? माझ्या सुरीची मूठ निघालीय. जरा दाखवा कापून." तिनं पिशवीतून एक गाजर काढून टेबलावर ठेवलं.

नियमानं सुरी बोथट होती. साहेब अध्यक्षबाईंच्या पाठीकडे बघत टेबलाखाली शिरले, आणि पुढची काही मिनिटं गाजरवाली बाई टेबलक्लॉथखालून येणारी, दगडावर पातं घासल्याची खसखस ऐकत उभी राहिली. साहेब बाहेर आले तेव्हा 'कातरवेळ' लखलखत होती. ज्या फळीवर सुऱ्या मांडल्या होत्या तीच त्यांनी पुढे ओढली, गाजर आडवं धरलं आणि सुरी खाली दाबली.

टक्.

तो आवाज पात्याचा नव्हता, साहेबांच्या बोटांच्या हाडांचा होता. त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा टक्. सुरीची मूठ आणि पात्याची धार त्यांनी हौसेनं एका सरळ रेषेत आणली होती, बाणासारखी. डोळ्यांपुढे धरली की ती देखणी दिसे. पण फळीवर ठेवली की मुठीभोवतीची बोटं आधी फळीला लागत आणि धार अधांतरी राही. तीन वर्षांत साहेबांनी प्रत्येक सुरी हवेत धरून पाहिली होती. फळीवर एकही ठेवली नव्हती, कारण फळीपाशी ते जन्मात कधी उभे राहिले नव्हते.

त्यांनी सगळं गाजर कापलं. म्हणजे कापलं असं त्यांना वाटलं. उचललं तर सगळ्या चकत्या खालच्या बाजूनं एकमेकींना धरून होत्या आणि गाजर माळेसारखं लोंबत होतं.

"जरा सवय लागते," साहेब म्हणाले.

"तुम्ही घरी यानंच कापता?"

"घरी बायको कापते."

"यानं?"

साहेबांना स्वतःच्या स्वयंपाकघरातली सुरी आठवली. निळ्या प्लास्टिकच्या मुठीची, बाजारातली, मूठ वितळून एका बाजूला वाकलेली. "नाही," ते म्हणाले. "तिची दुसरी आहे."

बाईनं लोंबतं गाजर पिशवीत टाकलं. साहेबांचा धीर सुटला. "हे बघा, तुम्ही ही घेऊन जा. पैसे नकोत. फक्त कापायला नेतेय असं म्हणा."

"नको हो काका."

"अहो, फुकट देतोय!"

"तेच म्हणते. फुकट असली तरी ठेवू कुठे? कापत नाही, आणि बोटाला लागते तर खरी. घरात पोरं आहेत." आणि ती गेली. जाताना मावशींकडून एक मेणबत्ती घेऊन गेली. दिवे गेले की लागते म्हणाली. मावशींना भरून आलं. साहेबांना बघवेना.

अशा वेळी देव नाही, साडू धावून येतो. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा मेळ्यात दर महिन्याला यायचा, काही न घेता सगळ्यांना सल्ले द्यायचा आणि साहेबांच्या थर्मासमधला चहा संपवून जायचा. त्यानं सगळी हकीकत ऐकली आणि मांडीवर थाप मारली.

"एवढंच ना? अहो लोहारसाहेब, मी घेतो. कापायला घेतली म्हणून सांगा ताईंना. झालं!"

"पण तुम्ही कापणार?"

"मनात आलं तर कापेन. घेताना तर कापायलाच घेतोय की नाही? पैजेत तेवढंच होतं ना?"

अपघातांच्या अर्जांवर उभा जन्म काढलेल्या माणसाला ही पळवाट ओळखीची होती. असे युक्तिवाद त्यांनी शेकड्यांनी फेटाळले होते. हा मात्र त्यांना पटला. त्यांनी 'कातरवेळ' खोक्यात घातली, शिक्का मारला आणि साडूच्या हातात दिली.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी बूटही काढले नाहीत. "गेली! एक कापायला गेली!"

बाई बोळात कुणाच्या तरी निळ्या कोटाचं अस्तर शिवत होत्या. त्यांनी मशीन थांबवलं. "खरंच? कुणी नेली हो?"

इथे साहेब 'एक बाई' म्हणू शकले असते. 'खानावळीचा आचारी' म्हणू शकले असते. पण खोटं बोलायचं तर ते आधी ठरवून ठेवावं लागतं, आणि हा विचार त्यांना सुचलाच नव्हता.

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्यानं."

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "त्यांनी? त्यांना त्यांच्या घरात स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे हे तरी माहीत आहे का?"

"लागतो आता छंद एकेकाला. पैज म्हणजे पैज."

"बरोबर आहे," म्हणत बाईंनी फोन उचलला आणि तो मशीनवर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडून बहिणीचा आवाज आला, आणि त्याच्या मागून ठोकण्याचा.

"ताई, जरा मोठ्यानं बोल गं. इथे काही ऐकू येत नाही."

"काय चाललंय तुझ्याकडे?"

"हे ना, भाऊजींकडून सुरी घेऊन आलेत. सोफ्याच्या वर लावायचीय. तिसरा खिळा वाकवला." मग लांबून साडूचा आवाज आला, "अगं, सरळ दिसतेय का बघ!" आणि पुन्हा ठक्, ठक्, ठक्.

बाईंनी फोन ठेवला. मग साहेबांनी वाकून बूट काढले, आणि ते काढायला त्यांना बराच वेळ लागला.

सकाळी त्यांनी ग्राइंडर सोडवला, पोलादी पट्ट्या बाहेर नेल्या, खोली तीनदा झाडली तरी लोखंडाचा भुगा निघतच राहिला. मशीन दोघांनी मिळून उचललं. बाईंनी ते खिडकीपाशी पूर्वीच्या जागी लावलं, निळा कोट उजेडात पसरला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काळा दोरा," बाई म्हणाल्या. "सगळी शिवण काळ्या दोऱ्यानं घातलीय मी. निळ्यावर. बोळात निळाच वाटला." त्यांनी बाही उलटी करून पाहिली, कॉलर पाहिली. "गिऱ्हाइकं काही बोलत नाहीत. पुन्हा येत नाहीत नुसती. मी म्हणायचे, का बरं येत नसतील."

साहेबांनी कोट पाहिला. भर उजेडात प्रत्येक टाका दिसत होता.

"बसा," बाईंनी दाढीचं जुनं पातं त्यांच्या हातात दिलं. "बाह्या उसवा. कापड कापू नका, फक्त दोरा."

साहेब स्टुलावर बसले. एकेक टाका पात्याच्या टोकावर घेत हळूहळू बाही उसवू लागले. काम बारीक होतं आणि त्यांना जमत होतं. दाढीचं पातं बोटांत नीट धरता येत नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. याला एक छोटीशी शिसवी मूठ असती, पितळी खिळ्यांची, टोकाला किंचित बाक दिलेली...

"अगं, माझ्या मनात एक..." म्हणत त्यांनी मान वर केली.

बाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

"दुसरी बाही दे," साहेब म्हणाले.