नुसतं ‘हं’

तारापूरजवळच्या दांडी गावाच्या किनाऱ्यावर कमलाकांतइतका मोठा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. दर्यात वारा कितीही माजलेला असो, त्याची हाक पलीकडच्या होडीत पोचायची आणि तिथली माणसं मुकाट्यानं जाळं ओढायला लागायची. हाच माणूस घराच्या उंबऱ्यात शिरला की मुका. घरात त्याला एकच शब्द पुरायचा, तो म्हणजे ‘हं’. कालवण खारट झालं, हं. सुलूला स्थळ आलं, हं. आणि लेक सासरी निघाली तेव्हा तर तेवढंही नाही. जाळं खांद्यावर टाकून स्वारी सरळ किनाऱ्यावर जाऊन बसली.

त्याची बायको मंजुळा दोघांच्या वाटणीचं बोलायची. सुलू होती तोवर हे बोलणं मायलेकींत जिरून जायचं. सुलू गेली आणि सगळा माल एकट्या कमलाकांतच्या पुढ्यात येऊन पडू लागला. त्या दिवसांत तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं, आणि कामावरच्या लोकांच्या नव्या वस्तीत मंजुळा मासळी विकायला जायची. तिथं घाटावरची एक साखरबाई होती. तिनं जन्मात पहिल्यांदा ओला बोंबील हातात धरला आणि ‘अगं बाई, हा नासलाय’ म्हणून टाकून दिला. मग मंजुळानं तिच्याच चुलीशी बसून तिला तो पिळायला, तळायला शिकवलं. ही हकीकत तीन अंगांनी, साखरबाईच्या आवाजासकट, कमलाकांतला ऐकवून झाली. तो जाळं विणत बसला होता. म्हणाला, हं.

कमलाकांतची बाजूही सांगायला हवी. तो समजत होता की आपण बायकोशी भरपूर बोलतो. जाळ्यात चांगला सरंगा आला की तो विक्रीच्या पाटीत न घालता चुलीपाशी ठेवायचा. विहिरीचा दोर झिजला की तिनं म्हणायच्या आत बदलायचा. याहून बायकोला आणखी काय सांगायचं असतं? आता, सरंगा काही तोंड उघडून निरोप देत नाही, ही अडचण त्याच्या ध्यानातच आली नव्हती.

एका सकाळी तो अंगणात फाटकं जाळं सांधत असताना मंजुळा दारात येऊन उभी राहिली.

“अवो, आज कालवन करू का सुकं?”

“हं.”

तिनं जरा वेळ त्याच्याकडे निरखून पाहिलं.

“काल आपला कोंबडा होडी घेऊन मुंबईला गेला.”

“हं.”

मग ती अगदी हळू म्हणाली, “मी शिरगावला चालली, आयशीकडं. परत येनार नाय.”

“हं,” कमलाकांत म्हणाला, आणि दातानं धागा तोडला.

संध्याकाळी तो दर्यावरून परतला तर चूल थंड. शेजारची म्हातारी माई कुंपणापाशी टपूनच होती. “तुला इचारून तर गेली! तूच हं म्हनलास. समद्यांनी आयकलं.” समद्यांनी म्हणजे अर्थातच दांडीतल्या झाडून साऱ्या बायकांनी.

पहिल्या दिवशी त्याला वाटलं, बरं झालं, जरा कानाला आराम. दुसऱ्या दिवशी सुका बोंबील भाजून खाताना त्याच्या तोंडून आपोआप ‘हं’ निघालं आणि तो दचकून मागं बघू लागला. मागं कुणी नव्हतं. तेव्हा मात्र कमलाकांत घाबरला. ती खरंच आली नाही तर?

तिसऱ्या दिवशी पहाटेच त्यानं लहान होडी काढली आणि शिरगाव गाठलं. सासरा दादू ओट्यावर जाळं सांधत बसला होता. जावयाला पाहून तो थोडा सरकला आणि जाळ्याचं दुसरं टोक त्यानं त्याच्या हातात दिलं. दोघं कामाला लागले.

“वारा?” दादूनं विचारलं.

“बरा हाय.”

“म्हावरं?”

“गावतंय.”

दुपारपर्यंत एवढं बोलणं झालं आणि दोघांनाही मन मोकळं केल्यासारखं वाटलं. मग सासू नवसीनं नवऱ्याला आत बोलावून घेतलं. भिंत कुडाची, सगळं बाहेर ऐकू येत होतं.

“बोललात का जावयाशी?”

“बोललो की.”

“काय?”

“वाऱ्याचं.”

“आनि मंजुळाचं?”

“ते कशाला बोलायचं? तो आलाय. आलाय यातच समदं आलं.”

“तुमच्यात येत आसल. आमच्यात नाय येत. ती नवी पाटी घेऊन बसलीय, उद्यापासून माझ्यासंगं पालघरच्या बाजारात बसनार म्हनते.”

बाहेर कमलाकांतच्या हातातली गाठ चुकली. रात्री जेवताना मात्र मंजुळानं त्याच्या ताटात, वर न बघता, गाभोळीचा मोठा तुकडा वाढला. गाभोळी, म्हणजे माशाची अंडी, हा त्याचा जीव की प्राण. त्यानं मनात म्हटलं, मिटलं! तेवढ्यात नवसी त्याच्या कानाशी वाकली. “गाभोळीवर जाऊ नको. उपाशी ठेवायची रीत नाय आमच्यात. तोंडानं ‘घरी चल’ म्हन. तेवढंच मागते पोर.”

मंजुळा ताट उचलायला आली. कमलाकांतनं खाकरून घसा साफ केला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, “हं.”

ती ताट घेऊन आत गेली ती गेलीच.

सकाळी किनाऱ्यावर बायका दोरांवर बोंबील वाळत घालत होत्या. मंजुळाही होती, पाठमोरी. पालघरची वाट धरण्याआधी एवढं काम उरकायचं होतं. दादूनं होडीला हात लावला, “वारा बरा हाय,” म्हणाला, आणि निरोप झाला. शीड भरलं. किनारा मागं पडू लागला. कमलाकांतनं वळून पाहिलं. ती वळली नव्हती. 

आणि मग, मधे पाणी आलं, वारा आला, आणि त्याचा घसा सुटला.

“मंजुळेऽऽ! घरी चऽऽल!”

सारा किनारा उभा राहिला. जवळच आलेल्या दांडीच्या एका होडीतल्या लोकांनी सवयीनं जाळं ओढायला घेतलं.

“घर खायला उठतंय! सुलू गेली तवा मी जाळ्यात तोंड घालून रडलो, तुला नाय सांगितलं! तू बोलत नाय तर घरात कोन हाय असं वाटत नायऽऽ!”

दादूनं लाजून वाळूत नजर घातली. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, आणि नवसी पदरानं डोळे पुसत होती.

“बघा, काय रीतभात हाय का?” मंजुळा शेजारणीला म्हणाली. “घरातलं समदं गावाला आयकवतो.” पण हे म्हणता म्हणता तिनं पदर खोचला होता, आणि होडी वळून येईपर्यंत ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती.

होडीत ती ओल्या लुगड्यानं एका टोकाला बसली. बोलेना. शिरगावचा किल्ला मागं गेला. सातपाटी गेली. ही आपली पाण्याकडे बघत गप्प.

“बोल की कायतरी,” कमलाकांत म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला.

“तुमी बोललात तेवढं पुरे झालं.”

तो थोडा वेळ शिडाच्या दोरीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, “त्या साखरबाईला बोंबील तळायला जमले का?”

मंजुळानं झटकन मान वळवली. “तुमी आयकलं व्हतं ते?”

“समदं आयकतो मी. हातानं काम करतो, कान उघडेच असतात.”

“असं? मग मी जाते, परत येनार नाय म्हनली, तेपन आयकलं?”

आता आली का पंचाईत! कमलाकांतनं शिडाची दोरी उगाच आणखी घट्ट केली.

“ते नाय आयकलं,” तो म्हणाला. “ते आयकलं असतं तर जाळं हातातनं पडलं असतं गं.”

 मंजुळानं लुगड्याचा पदर पिळला, त्याच्या जवळ सरकून बसली आणि म्हणाली, “साखरबाईचे बोंबील जळले. पन त्याच्या आदी काय झालं ते आयका...”

दांडी दिसू लागली तरी साखरबाई संपली नव्हती. मधे एकदा कमलाकांत ‘हं’ म्हणाला. या वेळी तिनं तेही बोलणंच धरलं.