पाठीवरचं तेल

शेहेचाळीस सालच्या वडूजच्या जत्रेत धुळानं सांगलीच्या मानसिंगला चितपट केलं आणि लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. मानसिंग म्हणजे काय ऐरागैरा गडी नव्हे! तीन वर्षं त्याची पाठ कुणी लावली नव्हती. धुळाला खांद्यावर घेऊन नाचवला, फेटा बांधला.

खाली उतरल्यावर मानसिंग रीतीप्रमाणं भेटायला आला. मिठी मारली, पाठीवरनं हात फिरवला आणि तळहात नाकाशी नेला.

"तीनदा पकडला तुला, तीनदा हात निसटला. तेल हाय रं हे, गड्या."

"हरलास म्हणून तोंड वाजवतोस व्हय?" धुळा खवळला. बोलता बोलता त्यानं स्वतःचीच पाठ खरडली. मातीखाली बोट सुळकन सरकलं. करडीचं तेल!

सकाळी तालमीत नाथाजी वस्तादांनी मालिश केली होती. दरवेळी ते सुक्या पंच्यानं अंग कोरडंठाक पुसून काढायचे. आज पाठ तशीच ठेवून त्यांनी वर माती चोळली होती. आणि हा भोळा सांब बापाच्या भरवशानं उभा राहावा तसा उभा होता!

धुळा तरातरा वस्तादांपुढं गेला. "आवं वस्ताद, पाठ का न्हाई पुसली?"

वस्ताद मिशीत हसले. "येड्या, तेल लावलेला पैलवान कुणाच्या हाताला लागत न्हाई, असं लोक उगंच म्हणत्यात व्हय? जिकलास न्हवं?"

"म्या कुठं जिकलो? तेल जिकलं! धा वर्सं जोर-बैठका मारल्या, त्या काय तेलाच्या घाण्याचं नाव करायला?" संतापानं त्याचा आवाज फाटला. "आग लागो असल्या जिकण्याला! नानासो, कुस्ती पुन्यांदा लावा."

पंच नानासोंनी हात झटकले. "निकाल झालाय. मुकाट घरला जा."

मग मात्र धुळाचं टाळकं फिरलं. फेटा भिरकावून, मानसिंगचा हात धरून तो आखाड्यात शिरला, त्याच्या पायापुढं उताणा पडला आणि दोन्ही खांदे मातीला टेकवले.

"बगा रं समदी! धुळाची पाठ लागली! वस्ताद, ती म्हण पुन्यांदा कुणाला सांगशीला, तवा हेबी सांगा!"

वस्तादांनी मान फिरवली. मानसिंग खाली वाकला आणि त्यानं हात पुढं केला.

"ऊठ. इहिरीवर चल. तुजी पाठ म्या घासतो, मग लढू."