खालच्या पाखाडीची शिरगणती

"कमळ्या, शिरगणतीवाल्या बाई तुझ्या पाखाडीत माणसं नाय, कुलपं मोजतील!"

सखा हे बोलला ते भर नाक्यावर, चहाच्या टपरीपाशी. पेणच्या खाडीकाठचं गाव. वरची पाखाडी, म्हंजे वरची आळी, सखाची; खालची कमळाकरची. सखाची पोरं रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करून रोज गाडीनं घरी. कमळाकरकडची मिठागरं बुडाली, तशी माणसं पोटामागं देशभर पांगली. पण गावात कुणाची टोपी उडवायची बाकी न ठेवलेला कमळाकर स्वतःची उडालेली कसा सोसणार?

"लाव पैज! ज्याची पाखाडी कमी भरंल, त्यानं दुसऱ्याला खांद्यावर घेऊन होळीच्या माळाला फेरी मारायची. आणि वरडायचं, याची पाखाडी मोठी!"

"तुझी कंबर मोडंल रे," सखा पोटावरून हात फिरवत हसला. सखा म्हंजे भाताचं भरलेलं पोतं.

पण कमळाकरचा डाव शिजलेला. एक्याण्णव साल; शिरगणतीची अखेर आणि शिमगा एकदमच आलेले. शिमग्याला निम्मी माणसं येणारच. उरलेल्यांना त्यानं सांगावा धाडला, "आला नायस तर पाखाडीचं नाक जाईल."

आली की! कांडल्याच्या मिठागरावरनं केरू, भिलाईच्या भट्टीवरनं गोविंदा, कोचीनच्या गोदीतला दत्तात्रेय, हैदराबादेत गणपती रंगवणारा मिथुन. सगळे बायकापोरांसकट. गंजलेल्या कुलपांत तेल घातलं, घराघरातनं धूर निघाला. कमळाकरची बायको मालू भाकऱ्या थापून दमली.

होळीच्या आदल्या दिवशी शिरगणतीची वही घेऊन विमलबाई मास्तरीण अंगणात आल्या. कमळाकरनं मिशीला पीळ दिला. "मोजा बाई, दमाल!"

बाईंनी केरूला विचारलं, "कांडल्याला कुणी मोजून गेलं का?"

"व्हय, गेल्याच आठवड्यात."

"मग झालं. एक माणूस देशात एकदाच मोजायचा."

गोविंदा मोजून आलेला. दत्तात्रेयही. कमळाकरनं मिथुनला डोळा घातला. "बाई, ह्यो तिकडं सापडलाच नसंल."

"असं कसं काका? मी चहा पाजला त्यांना!" मिथुन छाती फुगवून बोलला.

"अवो, तिकडं मोजून घेऊ नका, हे सांगाव्यात सांगायचं राहिलं काय?" मालूनं पदर तोंडाला लावला.

सखाची पाखाडी मोठी भरली. लई मोठी.

धुळवडीच्या सकाळी सगळा गाव माळावर जमला. राखेनं माखलेल्या कमळाकरनं सखाला खांद्यावर घेतलं. पाय लटपटले, पण आवाज खणखणीत. "सखाची पाखाडी मोठी! पार नाक्यापासनं विहिरीपर्यंत!"

गाव खो खो हसला. मग कमळाकरनं मान वळवली. "आता माझी किती लांब ती बघा! कांडला!"

केरूनं सखाला अलगद आपल्या खांद्यावर घेतलं आणि धावला.

"ए कमळ्या, पैज तुझी हाय!"

"पाखाडीची हाय! भिलाई!"

गोविंदानं झेलला. पुढं कोचीन. पुढं हैदराबाद. ढोलवाल्यांना चेव आला. नावागणिक गाव टाळ्या पिटायला लागला, वरच्या पाखाडीची पोरंसुद्धा. शिरा ताणून वरडताना कमळाकरचा ऊर असा भरून आला, की पैज हरलोय हे तो घटकाभर विसरलाच. देश केवढा, आणि त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात बाईंसारखं कुणीतरी आपलं माणूस मोजून गेलंय!

"उतरव रे, गरगरतंय!" सखा हसून हसून रडायला आलेला.

"थांब की, मुंबई यायची हाय!"

शेवटी पैज ती पैज. कमळाकरनं त्याला परत आपल्या खांद्यावर घेतलं, आणि कंबर कडकड वाजत असताना उरलेली फेरी पुरी केली.