उरलेली सहा मिनिटं

"धाकटी किती महिन्यांची?" सुरेंद्ररावांनी विचारलं.

"सात."

"आणि थोरला?"

"पाच वर्षांचा. मोठ्या गटात आहे."

सुरेंद्ररावांनी समोरच्या अर्जाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. अर्ज तीन पानी होता आणि तनुजाने तो चार दिवस बसून तयार केला होता. सरपंचपदाची पाच वर्षं, गावातली बंद पडलेली आणि तिने पुन्हा चालू केलेली पाण्याची योजना, चाकणच्या चौकात रुग्णवाहिकांसाठी वेगळी मार्गिका मिळावी म्हणून अकरा गावांच्या बायकांना घेऊन केलेलं धरणं, हे सगळं दुसऱ्या पानावर होतं. अजून कुणी पान उलटलं नव्हतं.

पिंपरीतल्या पक्ष कार्यालयाच्या त्या खोलीत चार पुढारी बसले होते, तिघे पुरुष आणि एक शुभदाताई. विधानसभेच्या उमेदवारीसाठी सकाळपासून मुलाखती चालल्या होत्या. तनुजाच्या आधी दुसरा इच्छुक सुजित आत येऊन गेला होता. त्याला वर्षभरापूर्वी जुळं झालं होतं. बारशाचे फ्लेक्स अख्ख्या हायवेवर लागले होते आणि सुरेंद्रराव स्वतः पेढे खाऊन आले होते.

"लोक विचारणार, तनुजाताई," सुरेंद्रराव म्हणाले. "आम्ही नाही, लोक. लहान लेकरं टाकून बाई मुंबईला जाणार म्हटल्यावर बोलणारच."

"सुजितभाऊंना विचारलंत? त्यांचीही लहानच आहेत."

एकजण हसला. "त्यांच्या घरी बायको आहे."

"माझ्या घरी नवरा आहे."

पुन्हा हसू उमटलं, पण या वेळी जरा कमी. शुभदाताई पुढे झुकल्या. पक्षात तीस वर्षं घालवलेली बाई. महिला आघाडीत त्यांच्या शब्दाला मान होता. "तनुजा, तुझ्या भल्याचं सांगते. मी माझी मुलं मोठी होईपर्यंत थांबले. तूही थांब. वय आहे तुझ्याकडे."

तनुजाने त्यांच्याकडे पाहिलं. चिडून नव्हे, खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून तिने विचारलं, "मग तुम्हाला तिकीट कधी मिळालं, ताई?"

शुभदाताईंनी समोरचे कागद सारखे केले. ते आधीच सारखे होते.

"नाही मिळालं," त्या म्हणाल्या.

मग शुभदाताईंनी तनुजाचा अर्ज स्वतःकडे ओढला आणि पान उलटलं.

बाहेर तिचा नवरा ज्ञानेश धाकट्या पूर्वीला खांद्यावर टाकून व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. तो चाकणच्या एका कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपला होता. लग्नाआधी तनुजाही तिथून दोन गल्ल्या सोडून एका कारखान्यात क्वालिटी तपासायला होती. पार्टमधली केसाएवढी चीरही तिच्या नजरेतून सुटायची नाही. गावचं सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं तेव्हा सहीपुरती बाई म्हणून तिला उभं केलं गेलं. सही करण्याआधी ती कागद वाचते हे गावाला नंतर कळलं.

"काय म्हणाले?" ज्ञानेशने विचारलं.

"मुलांची वयं विचारली."

"आणि?"

"मी सांगितली."

पंधरा दिवसांनी यादीत तिचं नाव आलं. शुभदाताई तिच्यासाठी अडून बसल्या होत्या, असं तिला पुढे कुणीतरी सांगितलं. स्वतः त्या कधी काही बोलल्या नाहीत.

ज्ञानेशने साठवलेली सगळी रजा एकदम टाकली. "काय भावा, बाळंतपणाची रजा का?" शॉपमधले मित्र म्हणाले. तो नुसता हसला. प्रचाराचं वेळापत्रक मात्र त्याने स्वतः आखलं. पूर्वी अजून अंगावर पीत होती, म्हणून दर अडीच तासांनी गाडी वीस मिनिटं थांबणार. थोरला अर्णव शाळेतून आला की आजीपाशी. कार्यकर्ते कुरकुरले, मग त्यांनाही सवय झाली. काच झाकायला दोन जुन्या ओढण्या गाडीत असायच्या.

आठव्या दिवशी ते बिनसलं. दुपारी तीनची कोपरा सभा होती आणि चाकणच्या चौकात गाडी पन्नास मिनिटं अडकली. पोचले तेव्हा माणसं ताटकळलेली, उन्हाने वैतागलेली. पूर्वी झोपली होती. तनुजा तशीच स्टेजवर चढली. भाषणाला सुरुवात होऊन चार मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात पूर्वी उठली आणि रडायला लागली. ज्ञानेश तिला घेऊन गाडीपाशी फिरू लागला. तिचं रडणं स्टेजपर्यंत येत होतं. तनुजा बोलत राहिली. अजून सहा मिनिटं बोलली, खाली उतरली, गाडीत बसली आणि तिने लेकीला घेतलं.

संध्याकाळपर्यंत बावीस सेकंदांची क्लिप तालुकाभर फिरली. एका बाजूला रडणारं बाळ, दुसऱ्या बाजूला हात उंचावून बोलणारी आई. वर लिहिलेलं होतं : 'आमदार व्हायचंय, मग आई कोण होणार?'

खाली लोकांनी काय काय लिहिलं ते तनुजाने वाचलं. सगळं वाचलं. जन्माला कशाला घातलं. नवऱ्याला दावणीला बांधलंय. जिला पोटचं सांभाळता येत नाही ती मतदारसंघ काय सांभाळणार. यातली निम्मी नावं बायकांची होती. त्यांतल्या काहींच्या घरी ती मुलांच्या बारशाला जाऊन आली होती.

घरी सासू, भागूबाई, चुलीपाशी पाठ करून बसली होती.

"देवळात बाया इचारत्यात," ती वळून न बघता म्हणाली. "म्हनं, म्हातारी मेली का काय? लेकराला घरी ठिवायला कोन न्हाई?"

"आई, ती अंगावर पिते. घरी ठेवून कसं चालेल?"

"म्या कुठं न्हाई म्हनते. पर म्या खोटं बी बोलनार न्हाई. मला बी वाईट वाटलं त्ये बघून."

"मलाही वाटलं," तनुजा म्हणाली.

भागूबाई वळली. मग तिने ताट वाढलं आणि पूर्वीला मांडीवर घेतलं, म्हणजे तनुजाला निवांत जेवता येईल.

जेवण संपायच्या आत सुरेंद्ररावांचा फोन आला. "घाबरू नका, ताई. हे उलटवता येतं. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करू. तुमचं स्वयंपाकघर, कडेवर लेक, हातात लाटणं. मी आधी आई आहे, चुकलं असेल तर माफ करा, एवढंच बोलायचं. कॅमेरावाला मुलगा उद्या सकाळी येईल शूटिंगला."

"साहेब, कडेवर लेक घेऊन पोळ्या लाटता येत नाहीत."

"अहो, दाखवायचं आहे फक्त."

"तेच नको आहे. माफी कशाची मागू? लेक बापाजवळ होती. रस्त्यावर टाकली नव्हती."

"हट्टाने जागा जाईल."

"जाईल कदाचित," तनुजा म्हणाली. "पण व्हिडिओ नाही करणार. माझी पोरं फ्लेक्सवर पण नकोत."

तिने फोन ठेवला. ज्ञानेशने उद्याचं वेळापत्रक पुढे सरकवलं. "उद्या कंपनीच्या गेटवर आहे, शिफ्ट सुटताना. टाळायचं का?"

"कशाला टाळायचं?"

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ती गेटबाहेर उभी होती. पहिली शिफ्ट सुटली. निळे अ‍ॅप्रन घातलेल्या कंत्राटी कामगार बायका घोळक्याने बाहेर आल्या. क्लिप त्यांनीही पाहिलेली होती. चेहऱ्यांवरून कळत होतं. तनुजाने पत्रकं वाटायला सुरुवात केली, तशी एकजण थांबली. तिशीची असेल. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव होतं, अनिता.

"ताई, एक इचारू का? राग नका मानू. लेकरू रडायलं हुतं, तुमाला ऐकू येत नव्हतं का?"

बाकीच्या बायका थांबल्या. बरोबरच्या कार्यकर्त्याने पुढे होऊन काही बोलायचा प्रयत्न केला. तनुजाने त्याला हाताने अडवलं.

"येत होतं," ती म्हणाली. "सगळं येत होतं. दूध दाटून आलं, ब्लाउज भिजला, म्हणून मी पदर पुढे ओढून घेतला. त्या क्लिपमध्ये नीट बघितलंत तर दिसेल. महत्त्वाचं बोलायचं सहा मिनिटांचं राहिलं होतं. लोक तासभर उन्हात थांबले होते. तिचा बाप तिच्याजवळ होता. मी ठरवलं, बोलून घेते. आणि बोलले."

"पण आई ती आई ना," मागून कुणीतरी म्हणालं.

"आहेच की. म्हणून तर सहाच मिनिटं बोलले. तिथं अर्धा तास बोलायचं होतं मला."

एक-दोघी हसल्या. अनिता हसली नाही. ती पत्रकाची घडी घालत होती, पुन्हा पुन्हा, अगदी लहान होईपर्यंत.

"माझी तीन वर्साची हाय," ती म्हणाली. "अहमदपूरला, माझ्या आईपाशी. हितं खोलीवर कोन बघावं तिला? दोघं बी ड्युटीला. दिवाळीला जाऊन आले. ती रडती तवा मला ऐकूच येत न्हाई, ताई. फोनवर हसती निसती."

बसवाल्याने हॉर्न वाजवला. एक बाई तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघू लागली.

"माझी कुनी क्लिप काढली न्हाई," अनिता म्हणाली. तक्रार नव्हती त्या आवाजात. जे आहे ते ती सांगत होती.

कार्यकर्ता तनुजाच्या कानाशी कुजबुजला, "ताई, चला. यांची नावं इथल्या यादीत नाहीत. सगळ्यांची मतं गावाकडं. वेळ जातोय."

"माहितीय मला," तनुजा म्हणाली आणि अनिताला तिने विचारलं, "गेटच्या आत पाळणाघर असतं, तर लेकीला आणलं असतंत?"

"आजच्या गाडीनं."

"तुमच्यासारख्या किती जणी असतील?"

बायका मोजायला लागल्या. ही, ती, दुसऱ्या लाइनवरची, पॅकिंगमधली. तनुजाने पत्रकाच्या मागच्या बाजूला नावं लिहून घेतली. त्या एका गेटवरच एकोणतीस झाली. बस निघून गेली आणि बायकांनी ती जाऊ दिली.

निकालाच्या दिवशी तनुजा दोन हजार तीनशे चौदा मतांनी हरली. मतमोजणीच्या मांडवाबाहेर समोरच्या पक्षाचा गुलाल उधळत होता. एकजण ओरडला, "जावा आता, लेकरं सांभाळा!" ज्ञानेशने मूठ आवळली. तनुजाने त्याच्या दंडाला धरलं आणि दोघं गाडीपर्यंत चालत गेले. गाडीत बसल्यावर ती रडली. थोडा वेळ नव्हे, चांगली पोटभर रडली. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "उद्या गावातून फिरू या. आभार मानायला."

"हरल्यावर कोण फिरतं?"

"मतं एकोणऐंशी हजार पडलीत, ज्ञानेश. कुणी तरी दिलीच ना ती?"

सकाळी नऊला दोघं निघाले. पूर्वी तिच्या कडेवर होती. प्रचारात तिने लेकीला असं कधीच घेतलं नव्हतं. कुठे चहा झाला, कुठे नुसती मान हलली. एका घरातल्या बाईने दार अर्धंच उघडलं. अकराच्या सुमाराला ते दत्तोबा नानांच्या ओट्यापाशी आले. दत्तोबा म्हणजे गावातलं जुनं खोड. पाण्याच्या योजनेच्या वेळी त्यांनीच विहिरीची जागा दिली होती.

"नाना, आभार मानायला आलेय."

"माझे मानू नगंस, सरपंच," दत्तोबा म्हणाले. "म्या तुला मत दिलं न्हाई. तोंडावर सांगतो. काम तुझं झ्याक हाय, त्यात वाद न्हाई. पर येवढी येवढी लेकरं घिऊन बाईनं आमदारकी करावी, हे मला पटलं न्हाई."

"सांगितलंत हे बरं केलंत," तनुजा म्हणाली. "पाणी येतंय ना वेळेवर?"

"येतंय की. सकाळी सात म्हंजी सात." ते जरा थांबले. "परत हुभी ऱ्हाशील का?"

"राहणार."

"तवर लेकरं मोठी व्हतील म्हना. मंग देतो मत."

"तोवर तिसरं झालं तरी उभी राहणार, नाना."

ज्ञानेशने चमकून बायकोकडे बघितलं. दत्तोबांना हसू आवरेना. खोकला लागेपर्यंत ते हसले. मग त्यांनी आत हाक मारली, "अगं, पानी आना कुनी!"

त्यांची धाकटी सून तांब्या-पेला घेऊन दारात आली. मागच्या वर्षी लग्न होऊन आलेली, पोट पुढे आलेलं, दिवस भरत आलेले. सासऱ्यासमोर ती कधी वर मान करून बोललेली गावात कुणी ऐकलं नव्हतं. तिने तनुजाच्या हातात पेला दिला.

"म्या दिलं तुमाला," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण ओट्यावर सगळ्यांना ऐकू गेला. दत्तोबांचं हसू थांबलं. त्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं.

ती आत गेली नाही. एक हात कमरेवर ठेवून तिथेच, उंबऱ्यावर उभी राहिली.