शिकाऊ यकृत

सुताराच्या शेडमध्ये काचेचं तावदान निसटलं आणि त्याच्या कुत्रीच्या खांद्याला, तिच्या एकुलत्या एक पिल्लाच्या पायाला लागलं. जनावरांच्या दवाखान्यात दोघांनाही एकाच बाटलीतून भुलीचं इंजेक्शन मिळालं, दोघांनाही टाके पडले. कुत्री केव्हाच उठून भांडंभर पाणी प्यायली होती. पिल्लू मात्र टॉवेलवर निपचित. त्याचे डोळे नुकते कुठे उघडले होते. ते आता मिटलेलेच राहतात की काय, या धास्तीने सुताराचा जीव टांगणीला लागला होता.

"आई उठली, मग हे का नाही?" त्याने पुन्हा विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पिल्लाच्या छातीवरून स्टेथोस्कोप काढला. "काका, औषध मोडायचं काम यकृताचं. आईचं यकृत त्या कामात मुरलंय. याच्यातली ते काम करणारी एंझाइम्स अजून पुरती तयार झालेली नाहीत. म्हणून याला वजनाला बसेल त्याहून कमीच दिलं. तरी वेळ लागणार."

"म्हणजे सगळे शिकाऊ कामगार."

"तसंच समजा."

"माझ्याकडे होता एक. एका स्टुलाला महिना लावला पठ्ठ्याने. तेही डुगडुगतं." सुतार हसला. "उठवायचं एखादं इंजेक्शन द्या की."

"तेही त्याच यकृताकडे जाणार. आधीच ढीग पडलाय, वर आणखी टाकू?"

शिकाऊ पोराच्या डोक्यावर उभं राहिलं की तो आणखी चुकतो, हे सुताराला कोणी सांगायला नको होतं.

"मग करायचं काय?"

"ऊब द्यायची आणि वाट बघायची." त्यांनी कुत्रीच्या पोटाला कापडी पट्टी गुंडाळली. "दूध इतक्यात नको. झोपेत ठसका लागेल, आणि दुधातून औषधाचा अंशही जाईल."

मग पिल्लू आईच्या कुशीत ठेवलं. आईने चाटून ओलं केलं, डॉक्टरीणबाईंनी पुसून कोरडं केलं, आईने पुन्हा ओलं केलं. सुतार फरशीवर बसला आणि खडबडीत अंगठा पिल्लाच्या पाठीला हलकेच टेकवून श्वास चाचपत राहिला. खिडकीतलं ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं.

अंगठ्याखाली काहीतरी हललं. पिल्लाने मान उचलली, ती पडली. पुन्हा उचलली. हुंगत हुंगत ते पट्टीपाशी आलं, कापड तोंडात धरून ओढू लागलं आणि काहीच मिळेना म्हणून कुरकुरलं.

"तक्रार करतंय," सुतार म्हणाला.

"करू दे. चांगलं जागं झालं की बघू पट्टीचं."

"सावकाश रे," सुतार पिल्लाला म्हणाला आणि अंगठा तिथेच राहू दिला.