पहिली सही कुणाची

चांगलं काम करायला निघालेल्या माणसाला आधी फॉर्म भरावा लागतो आणि तिथंच निम्म्या चांगल्या कामांचा जीव जातो. डॉक्टरीणबाईचं तसंच झालं. ती अजून डॉक्टर झाली नव्हती, पीएचडी अर्ध्यावर होती. पण इस्पितळाच्या धुलाईघरातल्या अकरा बायकांनी तिला कधीच पदवी देऊन टाकली होती. त्यातली एक तिची सख्खी मावशी. आई गेल्यापासून तिनंच हिला वाढवलं.

संशोधन कशावर, तर ह्याच बायकांच्या हातांवर. इस्पितळाच्या चादरी धुवायला जी पावडर वापरतात तिनं कातडी सोलून निघते. मावशीला तर आता सुई धरता येत नव्हती. बोटांच्या टोकांना काही लागतच नव्हतं. समुद्रापलीकडच्या एका देशात अशाच बायकांनी भांडून ती पावडर बंद पाडली होती. त्यांनी कुठले कागद पुढं केले, कुठल्या तपासण्या करून घेतल्या, हे आठ महिने तिथं राहून शिकायचं आणि इथं घेऊन यायचं, असा डॉक्टरीणबाईचा बेत. सामाजिक न्यायाच्या कामासाठी विद्यापीठ दरवर्षी एकाच विद्यार्थ्याला परदेशी धाडतं. यंदा निवड हिची झाली होती! फक्त एक कागद राहिला होता, बायकांचं संमतीपत्र. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत.

पत्र तिच्याजवळ होतं. विद्यापीठाच्या कचेरीत खिडकीमागच्या कारकुनानं ते सुलटं धरलं, उलटं धरलं, मग आडवं धरून पाहिलं.

"ताई, हे वाचायचं कुठून?"

"कुठूनही वाचा."

मधे चार ओळी आणि भोवती गोलात अकरा सह्या. पावडरच्या डब्याचं झाकण ठेवून गोल आखायचा आणि कागद फिरवत फिरवत सह्या करायच्या, ही धुलाईघराची रीत. चार वर्षांपूर्वी त्यांनी हातमोजे मागायचा अर्ज केला, तेव्हा सह्या एकीखाली एक होत्या. सगळ्यात वर जिचं नाव, तिला धुलाईघराच्या मुकादमानं पुढारीण ठरवून आठ दिवसांत घरी बसवलं. त्या बिचारीनं सही आधी केली ती काय पुढारपण म्हणून? पेन तिच्याजवळ होतं म्हणून! तेव्हापासून गोल. गोलात पहिली कोण ते कुणाला सापडत नाही. आणि अकराच्या अकराजणींना काढायचं, तर चादरी काय मुकादमाचे सासरे धुणार?

कारकून माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मानही डोलावली.

"झकास आहे हो तुमची पद्धत. पण इथं प्रमुखाच्या नावाचा रकाना आहे. तो भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढंच जात नाही."

"त्यांच्यात प्रमुख नाही कुणी."

"असं कसं? घरात दोन माणसं असली तरी एक प्रमुख असतं. आमच्याकडं बायको आहे." तो स्वतःच हसला. "कुठल्याही एका नावापुढं एकचा आकडा टाका. आकडाच तर आहे!"

"ह्याची प्रत कुणाकुणाला जाते?"

त्यानं चष्मा वर करून वाचलं. "एक आमच्या दप्तरी. आणि एक कामाच्या ठिकाणच्या व्यवस्थापनाला, माहितीसाठी."

"म्हणजे मुकादमाला?"

"त्यांच्या जागेतल्या माणसांवर संशोधन, मग त्यांना कळवायला नको? नियम तुमच्याच भल्यासाठी आहे, ताई."

डॉक्टरीणबाई व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली. घड्याळात चार वाजले होते. डोकं अगदी भणाणून गेलं. न्यायासाठी पाठवणारेच न्याय मागणारीचं नाव मुकादमाच्या हातात देणार, हा कुठला न्याय? बरं, आकडा टाकला नाही तर परदेश गेला, पावडर आहे तिथंच राहिली, बायकांचे हात तसेच सोलत राहिले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! आणि मनातली दुसरी गोष्ट तर तिला कुणाला सांगायचीही लाज वाटत होती. आपल्याला जायचंय ते नक्की कुणासाठी? मावशीच्या बोटांसाठी, की विमानासाठी, नावापुढच्या पदवीसाठी? ती खूप वेळ शोधत बसली, पण तिला एकातून दुसरं वेगळं काढता आलं नाही.

धुलाईघर पंधरा मिनिटांवर. चालत जाऊन विचारून परत येता आलं असतं. दोनदा ती उठलीही. पण मावशी ऐकल्या ऐकल्या म्हणणार, टाक माझ्या नावापुढं. ह्याची तिला पक्की खात्री होती आणि त्याचीच भीती. पावणेपाचला ती खिडकीशी गेली आणि म्हणाली, "मी माघार घेते."

कारकुनाला खरंच वाईट वाटलं. पण त्यानं खणातून एक कागद काढलाच. माघारीचाही फॉर्म असतो.

सहाला पाळी सुटली तेव्हा ती धुलाईघराच्या दारात उभी होती. बायका ओल्या बाह्या खाली ओढत बाहेर येत होत्या. तिनं सगळं सांगितलं, आकडा, प्रत, मुकादम, माघार. तिला वाटलं होतं, मावशी पोटाशी धरेल. निदान एकजण तरी शाबास म्हणेल.

मावशीनं पदराला हात पुसले. मग मावशी म्हणाली, "कुणाला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? तुझी नोकरी गेली असती, मावशी."

"माझीच? माझं नाव पुढं घालायचं हे कुणी ठरवलं?"

"तू हो म्हणाली असतीस."

"वा गं वा! प्रश्नही तूच विचारलास, उत्तरही तूच दिलंस."

त्यांच्यातली चष्मेवाली, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, तीसुद्धा पुढं आली. "त्या एका पत्रासाठी आम्ही दोन दिवस भांडलो. हिला पाठवायचं की नाही, काय सांगायचं, काय नाही. एकीला पटेना तर पुन्हा पहिल्यापासून. आणि ही बया एकटी खिडकीवर जाते काय, सगळं मोडून येते काय!"

"मी तुम्हाला वाचवायला गेले हो," डॉक्टरीणबाईला रडूच फुटलं. "तुमच्या भल्यासाठीच..."

"मुकादमसुद्धा रोज हेच म्हणतो," मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, म्हणून ते जास्तच लागलं.

डॉक्टरीणबाईनं नाक पुसलं. आपण बरोबर केलं की माती खाल्ली, हे तिला आता मुळीच कळेना. निदान एवढं तरी कळावं, म्हणून तिनं विचारलं, "मी आले असते, विचारलं असतं, तर तुम्ही काय म्हणाल्या असत्या? नाव द्यायचं, का नाही द्यायचं?"

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. कुणीतरी "मी तर..." म्हणून थांबली.

"सांग ना, मावशी."

"आम्हाला तरी काय माहीत?" मावशी म्हणाली. "ठरवायला बसू कुठं दिलंस आम्हाला?"