दुरुस्तीला दिलेला पाय

"पण तुम्ही घासता तेव्हा त्याला दुखतं का?"

"कुणाला गं?"

"माझ्या पायाला."

काकांच्या हातातली कानस जागच्या जागी थांबली. समोरच्या बाकावर सहा वर्षांची ठकू बसली होती. तिचा एक पाय खाली लोंबत होता आणि दुसरा गुडघ्याखाली चार बोटांवर संपत होता. शेजारी तिची आई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिने काकांकडे नुसतं बघितलं. सांभाळून घ्या हो, एवढंच त्या बघण्यात होतं.

ही आफत काकांनी स्वतःच ओढवून घेतली होती, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या नावाने बोटं मोडायची सोय नव्हती. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, कृत्रिम पायांचं वर्कशॉप होतं आणि तिथे काकांचा उभा जन्म गेला होता. सगळं हॉस्पिटल त्यांना पायवाले काका म्हणायचं. मोठ्या माणसांशी त्यांचं बोलणं रोखठोक असे. "गेला तो गेला. आता ह्याच्याशी जमवून घ्या, बायको समजून. पहिले काही दिवस टोचेल." लहान मुलांसाठी मात्र त्यांची एक ठेवणीतली थाप होती. "तुझा पाय ना? तो माझ्याकडेच आलाय दुरुस्तीला. झाला की देतो." पोरं खूश व्हायची, नवा पाय बसला की उड्या मारत जायची. थाप कधी अंगाशी आली नव्हती. आता ती समोर बाकावर बसून पाय हलवत होती.

"छे! दुखतंय कसलं?" काका म्हणाले. "भूल दिलीय त्याला."

"मग तो उठल्यावर त्याला कसं कळेल, तो कुणाचा आहे ते?"

"तुझं नाव लिहितो ना मी त्याच्यावर."

"माझं नाव ठेवलं त्याच्या आधीपण तो माझाच होता."

काकांनी पुन्हा कानस चालवायला सुरुवात केली, जरा जोरातच.

ठकू प्लास्टरच्या चुऱ्याचे डोंगर करण्यात गुंतली तेव्हा आई उठून काकांच्या टेबलाशी आली. हळू आवाजात म्हणाली, "रस्ता ओलांडताना हात सुटला, काका. तिचा नाही, माझा. मी पिशवी सावरायला गेले." थोडं थांबून ती पुढे म्हणाली, "तिला अजून खरं सांगितलं नाही. रोज विचारते. पाय मेला का? मेला असेल तर मग मी थोडी मेले का? सासूबाई म्हणतात, असलं अभद्र बोलू नये, गप्प बस. गप्प बसते, आणि मग मला एकटीला गाठून विचारते. मी काय सांगू? तुमची ती दुरुस्तीची गोष्ट बरी आहे. तीच चालू द्या."

काकांनी मान डोलावली. त्यांनाही तेच सोयीचं होतं.

पाय तयार झाला तो मात्र झकास. एवढासा, हलका, रबराच्या पावलाला पाच बोटंसुद्धा होती. काकांनी तो ठकूच्या मांडीवर ठेवला आणि कमरेवर हात देऊन उभे राहिले. कौतुकाची थोडी वाटही पाहिली, खोटं कशाला बोला!

ठकूने पाय उलटा केला, सुलटा केला. वास घेतला. मग अंगठ्यावर बोट ठेवून बराच वेळ बसली.

"हा तो नाही," ती म्हणाली.

"अगं, रंग नवीन दिलाय ना, म्हणून तसा दिसतो."

"रंगाचं नाही. माझा अंगठा आत्ता खाजतोय. ह्याला हात लावला तरी थांबत नाही. हा माझा असता तर थांबला असता ना?"

काका चपापले. कापलेला पाय खाजतो, दुखतो, त्याला मुंग्या येतात, ह्यात त्यांना नवं काही नव्हतं. भलेभले बाप्ये इथे बसून ओशाळं हसत सांगायचे, "काका, नाही तिथे खाजतं हो!" आणि काका सांगायचे, "होतं तसं. जाईल हळूहळू." मोठ्यांना तेवढं पुरत असे. ठकूला कसं पुरावं?

"म्हणजे माझा पाय दुसरीकडे आहे," ती म्हणाली. "आणि तो मला हाका मारतोय."

"अगं बाई..."

"मी ह्याच्यावर उभी राहिले तर त्याला वाटेल, मी दुसरा आणला. मग तो हाका मारायचं बंद करेल."

आणि तिने तो झकास पाय हळूच, पाहुण्यांचं तान्हं परत द्यावं तसा काकांच्या हातात दिला.

पुढच्या फेऱ्यांना काकांनी सगळं करून पाहिलं. लिमलेटच्या गोळ्या देऊन पाहिल्या, नकला केल्या, स्वतः एका पायावर लंगडी घालून टेबलावर आपटले. ठकू खळखळून हसायची. पाय बांधूही द्यायची, बिचारी. पण आधाराच्या दोन दांड्यांमध्ये उभी केली की सगळा भार चांगल्या पायावर, आणि नवा पाय हवेत. मोठे डॉक्टर येऊन गुडघा दाबून गेले. जाताना दाराशी म्हणाले, "काका, गुडघा आखडायला लागलाय. आणखी आखडला तर तुमचा पाय भिंतीला टेकवून ठेवायचा आणि पोरीला कायमच्या कुबड्या द्यायच्या. काहीतरी करा."

काहीतरी करा! पाय सैल असता तर घट्ट केला असता, लांब असता तर कापला असता. इथे काय घासायचं होतं?

त्या दिवशी आईचाच धीर सुटला. "उभी राहा म्हणते ना!" ती ओरडली. "किती जीव खाशील माझा? दुसरी मुलं चालतात ना? तुलाच कसे गं हे प्रश्न पडतात?" आणि मग ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. ठकू रडली नाही. खाली मान घालून दांडी नखाने खरवडत राहिली.

काका गुडघे धरत धरत खाली बसले, तिच्या पायांशी. वयाने त्यांचे स्वतःचेच गुडघे कुरकुरत होते.

"ठकू, मी थाप मारली तुला," ते म्हणाले. "तुझा पाय माझ्याकडे कधी आलाच नव्हता."

भिंतीकडून आईचे हुंदके थांबले. "काका, नको," ती म्हणाली.

"फार चिरडला होता तो. डॉक्टरांनी काढला. तो गेला, बाळा. आता नाही येणार."

ठकूने मान वर केली. "मेला?"

"हो."

"मग मी का नाही मेले? मी तर त्याला जोडलेली होते."

"नाही मेलीस खरी. कसं ते मला नाही सांगता येत."

"मग तो मेलाय तर खाजतंय कुणाला?"

डॉक्टर सांगतात ते काकांना पाठ होतं, नसा, मेंदू, सगळं. ते सांगून झाल्यावर ती पुन्हा हेच विचारणार, हेही त्यांना दिसत होतं.

"माहीत नाही गं मला."

"मोठ्या डॉक्टरांना?"

"त्यांनाही नाही. पुरतं नाही."

"मग कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

एवढे पाय बनवले, एवढ्या लोकांना उभं केलं, पण ह्या 'माहीत नाही'इतकं निकामी काही आपण कुणाच्या हातात दिलं नाही, असं काकांना वाटलं. त्यांना फार लाज वाटली. पोरगी आता भोकाड पसरणार म्हणून ते तयारीने बसले.

ठकूने दाराबाहेर बघितलं. बाहेरून परिचारिका, भेटायला आलेली माणसं, कपड्यांच्या गाड्या ढकलणारे, सगळे भराभरा जात होते.

"ह्यांना पण माहीत नाही?"

"नाही."

"तरी चालतात?"

"चालतात बाई."

तिने दोन्ही हातांनी दांड्या धरल्या आणि नवा पाय खाली टेकवला. घाबरत, थंड पाण्यात टेकवावा तसा. मग भार टाकला. पट्टा करकरला. एक पाऊल झालं, मग दुसरं. आई तोंडावर हात दाबून उभी होती. दांड्या संपल्या तिथे ठकू थांबली, आणि तिचा चेहरा एकाएकी वेडावाकडा झाला.

"काका, खाजतंय. फार खाजतंय. खाजवा ना!"

काका तसेच रांगत पुढे गेले. त्यांनी रबराच्या अंगठ्यावर नख घासलं.

"तिथे नाही. वर."

त्यांनी घोट्याशी खाजवलं.

"तिथे पण नाही. बाजूला. अजून बाजूला. पायाच्या बाहेर."

काकांनी हात बाहेर घेतला. तिथे काहीच नव्हतं, फरशीवरचं ऊन तेवढं होतं. त्या मोकळ्या जागेत त्यांनी बोटं वाकवली आणि हळूहळू खाजवायला लागले. दाराशी पुढचा पेशंट कुबड्या टेकून उभा होता, तो बघतच राहिला.

"इथे?" काकांनी विचारलं.

"हो," ठकू म्हणाली. तिने डोळे मिटले. "थांबू नका."